सीनेपलीकडची साक्ष

पुणे,
ता. २५ ऑक्टोबर १९७१

ती. स्व. नृसिंहकाका यांस,
इंदूचा साष्टांग नमस्कार वि. वि.

दिवाळीचा फराळ पोचला. काकूंच्या चकल्या वसतिगृहात पाच मिनिटेही टिकल्या नाहीत. डब्याच्या तळाशी राहिलेला चुरा मी दाराला कडी लावून एकटीने खाल्ला, हे काकूंना सांगितलेत तरी चालेल.

मागच्या पत्रात तुम्ही विचारले होते की, ही मुलगी दोन वर्षे पुण्यात नेमके शिकते तरी काय? काका, मी आंतरराष्ट्रीय कायदा शिकते. देशादेशांनी एकमेकांशी कसे वागावे, याचा कायदा. हेगच्या जागतिक न्यायालयाच्या नियमांत एक कलम आहे. 'सुसंस्कृत राष्ट्रांनी' मान्य केलेली तत्त्वे न्यायालयाने प्रमाण मानावीत, असे ते सांगते. आता हे सुसंस्कृत कोण, ते ठरवले कोणी? ज्यांनी आशिया आणि आफ्रिका आपसांत वाटून घेतल्या, त्यांनीच! आपल्याकडे तर १८९१ साली इंग्रज सरकारने जाहीर करून टाकले की, सरकार आणि संस्थाने यांच्या संबंधांना आंतरराष्ट्रीय कायदा लागूच नाही. म्हणजे पुस्तके वाचावीत तर वाटते, साहेब येईपर्यंत आपल्या लोकांना शेजाऱ्याशी कसे वागावे हेच ठाऊक नव्हते. मला याचा भारी राग येतो, आणि एल्‌एल. एम.चा प्रबंध मी त्या रागावरच लिहायला घेतला आहे.

सरांनी पहिली चाळीस पाने वाचली आणि म्हणाले की, राग हा पुरावा नव्हे. एखादी खरी सरहद्द दाखव, दोन राज्ये दाखव, आणि कुठल्याही सरकारने लिहून न दिलेला पण लोकांनी पाळलेला नियम दाखव. तो दाखवता येत नसेल तर विषय बदल. मी तोंड पाडून खोलीवर आले आणि एकदम आपले मिरजगाव आठवले. लहानपणी तुम्ही आम्हाला सीनेच्या काठी नेऊन सांगत असा की, तुमच्या जन्माआधी या पाण्यापलीकडे निजामाचे राज्य होते. मग त्या वेळी अलीकडचे आणि पलीकडचे लोक एकमेकांशी कसे वागत? काही रीत होती का? कोणी सांगणारे उरले आहे का?

विषय बदलायला मला सवड नाही. अण्णांनी वडिलांच्या हक्काने बजावले आहे की, मार्चअखेर प्रबंध गेला तर ठीक, नाहीतर पुण्याचे बिऱ्हाड आवरून नगरला यायचे आणि ते पाहतील त्या स्थळाला हो म्हणायचे. मला तर याच्याही पुढे शिकायचे आहे. ते अण्णांना अजून सांगितलेले नाही, तुम्हीही इतक्यात बोलू नका.

काकूंना नमस्कार. चकल्यांचा डबा धुऊन ठेवला आहे, तो रिकामा पडू नये इतका लोभ राहू द्यावा.

आपली,
इंदू


मिरजगाव,
ता. १४ नोव्हेंबर १९७१

चि. इंदूस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझे पत्र वाचून मी शाळेतून येताना सायकल घ्यायची विसरलो, इतका विचारात पडलो. घरी आल्यावर तुझ्या काकूने विचारले की सायकल कुठे आहे. मी म्हणालो, हेगला. तेव्हापासून घरात कुठलीही वस्तू सापडेनाशी झाली की ती हेगला गेलेली असते.

तू योग्य ठिकाणी विचारलेस. अठ्ठेचाळीस सालापर्यंत सीनेपलीकडे निजामाची हद्द होती. पलीकडे त्यांचे करोडगिरीचे नाके, म्हणजे जकातीचे. नाक्यावर शिपाई. आणि नदी तर तुला ठाऊकच आहे, वर्षातले आठ महिने पायाला पाणी लागत नाही. सरहद्द कुठे आहे हे माणसांना कळायचे, गुरांना कोण सांगणार? अलीकडची गुरे चरत चरत पलीकडे जात, पलीकडची इकडे येत. पण ती परत कशी येत, ते मात्र मलाही धड माहीत नव्हते.

म्हणून गेल्या रविवारी काकूला घेऊन नदीकडच्या वस्तीवर राहीबाईंकडे गेलो. गोरक्षची आई. गोरक्ष माझा जुना विद्यार्थी, त्याचे पाढे तेराच्या पुढे कधी गेले नाहीत, पण शेत मात्र उत्तम ठेवले आहे. राहीबाईंचे माहेर पलीकडचे बोरखेड, सासर इकडचे. वय साठीच्या घरात, स्मरण लख्ख. त्या दोन तास बोलल्या. मी सगळे टिपून घेतले आणि घरी येऊन नीटनेटके करून, नऊ कलमांत बसवून सोबत जोडले आहे. तुला मासला हवा असेल तर चौथे कलम पाहा : 'उभयपक्षी ग्रामस्थांनी परस्परांच्या हद्दीत भरकटलेल्या जनावरांचे सन्मानपूर्वक प्रत्यर्पण करावे व तत्संबंधी उभयपक्षी कोणताही मोबदला मागू नये.' आहे की नाही हेगच्या तोडीचे? तुझ्या सरांना म्हणावे, मिरजगावच्या मुख्याध्यापकाने करून दिले आहे.

इकडे पाऊस यंदा हात आखडूनच होता. ज्वारी आहे, पण पोटऱ्या बारीक. हुरड्याला ये म्हणतो, तर तू म्हणशील प्रबंध आहे. काकू म्हणते, मुलीला शिकू द्या, हुरडा दर वर्षी येतो.

प्रकृतीस जपणे, आणि आमची आठवण अभ्यासाच्या मधल्या सुटीत तरी काढीत जाणे.

तुझा,
नृसिंहकाका


पुणे,
ता. १२ डिसेंबर १९७१

ती. स्व. काकांस,
इंदूचा साष्टांग नमस्कार वि. वि.

इकडे युद्धाशिवाय दुसरे बोलणे नाही. आठवड्यापूर्वी आपल्या सरकारने बांगलादेशाला मान्यता दिली आणि आमच्या वर्गात तास संपला तरी कोणी उठेना. मान्यता मिळाली म्हणून देश होतो, की देश असतो म्हणून मान्यता मिळते? एरवी पुस्तकात हे वाचताना झोप येते. परवा दोन मुली त्यावरून इतक्या भांडल्या की, शेवटी मलाच दोन्ही पक्षांत तह करावा लागला.

माझा स्वतःचा तह मात्र फिसकटला आहे. तुमची नऊ कलमे मी मोठ्या उमेदीने इंग्रजीत आणली आणि मूळ मराठीसह सरांपुढे ठेवली. सरांनी दोनदा वाचली, चष्मा काढला आणि विचारले की, ही राहीबाई शाळेत किती शिकली? मी म्हणाले, शाळेत गेलेली नाही. तेव्हा ते म्हणाले की, निरक्षर शेतकरी बाई चार वेळा 'उभयपक्षी' म्हणते आणि बैलाचे प्रत्यर्पण करते, हे तू मला पटवणार आहेस का? त्यांच्या मते ही साक्ष नाही, पाठ्यपुस्तकातला तह आहे आणि त्याला वर पागोटे घातले आहे. पुढचे त्यांनी सरळ विचारले नाही, पण मला कळले. मी हे स्वतः रचले, असे त्यांना वाटते आहे.

काका, मला फार लागले. वर्गात सगळ्यांपुढे नाही, खोलीत बोलावून म्हणाले, तरी लागले. सरांनी जानेवारीअखेरची मुदत दिली आहे. तोपर्यंत खरी साक्ष आली नाही, तर ते सही करणार नाहीत, आणि त्यांच्या सहीशिवाय प्रबंध विद्यापीठात जात नाही. मग अण्णांनी पाहिलेले स्थळ, आणि माझी पुस्तके नगरच्या माळ्यावर.

तुमच्यावर रागवायचा मला अधिकार नाही. पण एकदा खरे सांगा, राहीबाई नेमके काय म्हणाल्या होत्या?

काकूंना नमस्कार. वाकडे विचारले असेल तर क्षमा करून ममता आहे तशीच ठेवावी.

आपली,
इंदू


मिरजगाव,
ता. १९ डिसेंबर १९७१

चि. इंदूस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझे पत्र वाचून पहिल्यांदा मला तुझ्या सरांचा राग आला. तीस वर्षे मुलांचे शुद्धलेखन तपासणाऱ्या माणसाच्या मराठीला पागोटे म्हणतात म्हणजे काय! मी काकूला पत्र मोठ्याने वाचून दाखवले, तिनेही रागवावे म्हणून. ती गहू निवडत होती. सूप बाजूला ठेवून इतकी हसली की शेजारच्या बाई डोकावून गेल्या.

मग म्हणाली की, त्या दिवशी मीही तिथेच होते ना? राहीबाई दोन तास माहेराबद्दल बोलत होती, तिने एकही कलम सांगितले नाही. आणि सगळ्यांत गमतीचे जे सांगितले, ते तुम्ही लिहिलेच नाहीत.

इंदू, ती म्हणते ते खरे आहे. राहीबाईंचे बोलणे मला तुझ्या प्रबंधाच्या योग्यतेचे वाटले नाही. काही भाग तर निव्वळ बायकांच्या गप्पा वाटला. हेगच्या लोकांपुढे आपले गाव हसण्यावारी जाऊ नये, म्हणून तो गाळला आणि उरलेल्याला धुऊन इस्त्री केली. म्हणजे तू ज्यांच्यावर रागावून प्रबंध लिहितेस, त्यांच्याच रांगेत मी जाऊन बसलो. राहीबाईंना सुसंस्कृत करायला निघालो. चूक माझी आहे आणि फळ तुला भोगावे लागते आहे, याची मला लाज वाटते. तसे सरांच्या नावे वेगळे पत्र लिहून आजच टपालात टाकले आहे.

आता असे ठरले आहे. नाताळच्या सुटीत राहीबाई हुरड्याचे दाणे घेऊन आपल्याकडे येणार आहेत. त्या सांगतील, मी लिहीन, आणि काकू माझ्या शेजारी बसून पाहील. एक अक्षर सुधारलेले दिसले की ती माझ्या हातातला टाक काढून घेणार. माझ्या हातून तो टाक आजवर शाळा तपासणीच्या साहेबांनीसुद्धा घेतला नव्हता.

सरांवर राग धरू नकोस. माणूस जाणता दिसतो. माझ्यावर धरलास तर धर, पण तो संक्रांतीपर्यंत फिटावा एवढे मागणे आहे.

तुझा,
नृसिंहकाका


मिरजगाव,
ता. २ जानेवारी १९७२

इंदूताईस राहीबाईचा रामराम आन लई आशीर्वाद.

गुर्जी लिवत्यात, मी सांगती. मास्तरीनबाई गुर्जींच्या हाताकडं बघत बसल्यात. गुर्जी म्हनले बोरखेडचं पयल्यापासून सांगा.

मी नव वर्साची आसंन, तवा लगीन होऊन हिकडं आले. नदीच्या आल्याड विंग्रज, पल्याड निजाम. आमाला राजा बिजा काय ठावं न्हाई. आमाला येवडंच ठावं की पल्याड आय हाय. सासू लई कडक. सनालाबी माहेरी धाडायची न्हाई. म्हनायची, काम कोन करंल, तुजी आय का?

आता ढोरं पल्याड गेली की बाप्याला जाता यायचं न्हाई. बाप्या गेला की नाक्यावरचा शिपाई म्हनायचा, चोरून जनावर न्यायला आला, आन धरून बसवायचा. तिकडचा बाप्या हिकडं आला तर हिकडचा पाटील तेच करायचा. मंग रीत आशी हुती का पल्याडची लेक जी हिकडं दिली आसंन, तिला धाडायचं. नवं दावं खांद्यावर टाकायचं, फडक्यात भाकर बांदायची आन निगायचं. ज्याच्या घरात पल्याडची लेक न्हाई, त्याचं ढोरबी दुसऱ्या घरची लेक आनून बांदायची. लेक माहेरी चालली, तिला कोन आडवनार? शिपाईबी आडवत न्हवता. ढोर ज्याच्या रानात घावलं त्यानं त्याला पानी पाजायचं, लागलं बिगलं आसंन तर हळद भरायची, आन लेकीच्या हातात दावं द्यायचं. गाय दुभती आसली तर त्या दिसाचं दूध त्याच्या घरला. पर लेकीला मोकळ्या हातानं धाडायचं न्हाई, आन एक रात माहेरी ठिवून घ्यायचं. हे कुनी लिवलं न्हवतं. आमच्या सासूच्या सासूपासून चाललं हुतं.

आता गुर्जींनी मागल्या टायमाला गाळलं ते सांगती. आमी चौघी जनी बोरखेडच्या हुतो. माहेरची लई याद आली की आमी सांजच्याला ढोरं आपल्याच हातानं नदीपल्याड हाकायचो! मंग सासू बोंब मारायची, आगं बया, बैल गेला निजामात. आन मंग मलाच म्हनायची, जा बाई, आन त्याला. लई येळा केलं. आमचा तांबडा बैल तर पुढं पुढं न हाकताच जायचा. मास्तरीनबाई हसत्यात, गुर्जी बी हसत्यात, हे बी लिवा.

रझाकाराच्या वर्साला सगळं बंद झालं. दोन्ही गावचे बाप्ये येकमेकाकडं बघंनात. तवा आमची जोडी पल्याड गेली. नवरा म्हनला, जाऊ न्हको, जनावर गेलं तर गेलं. मी गेले. नाक्यावर बंदूकवाला नवा हुता. म्हनला, कोन? मी म्हनले, बोरखेडची लेक. त्यो येक घटकाभर बघत ऱ्हायला आन पाठ फिरवून हुबा ऱ्हायला. मी जोडी घिऊन आले. तवा भ्या वाटलं का म्हनून गुर्जी इच्यारत्यात. वाटलं की! पर दावं सोडलं न्हाई.

आता सरकार येकच हाय. शिपाई न्हाई, नाकं न्हाई. आता ढोर पल्याड गेलं की त्ये कोंडवाड्यात घालत्यात आन पावती फाडत्यात. लेकीला कुनी धाडत न्हाई. रीत गेली.

तू लई शिक. ढोरं हाकायची पाळी तुज्यावर न येवो.

राहीबाईचा आंगठा

(वरील मजकुरात मी काहीही सुधारलेले नाही. — नृसिंह. नाही सुधारलेले, मी पाहिले. — काकू.)


पुणे,
ता. २ एप्रिल १९७२

ती. स्व. काका व काकूंस,
इंदूचा साष्टांग नमस्कार वि. वि.

प्रबंध गेला! परवा, एकतीस तारखेला, चार प्रती विद्यापीठात दिल्या. टंकलेखनाच्या यंत्रावर बोटे अशी दुखली आहेत की हे पत्रही मी कसेबसे लिहिते आहे.

राहीमावशींचे पत्र सरांनी माझ्यासमोर वाचले. आपल्याच हातांनी बैल हाकण्याच्या जागेवर आले आणि मोठ्याने हसले. मी दोन वर्षांत त्यांना हसताना पाहिले नव्हते. मग म्हणाले की, हे कोणाला रचता येणार नाही. राजदूताला हात लावू नये, हा नियम आम्ही तीन शतकांच्या ग्रंथांतून शिकवतो. तुझ्या नदीवर तो सासुरवाशिणींनी चालवला, आणि तोही आईला भेटायला मिळावे म्हणून. काका, त्यांनी तुमच्या पत्राचाही उल्लेख केला. चूक कबूल करणारा मुख्याध्यापक आपण प्रथमच पाहिला, असे म्हणाले. हा मान तुमचा.

एका गोष्टीवरून मात्र आमचे वाजले. प्रबंधाच्या शेवटी आधारग्रंथांची यादी असते. तिच्यात युरोपातल्या पंडितांच्या ओळीत मी राहीमावशींचे नाव घातले. सर म्हणाले, ते परिशिष्टात टाक. मी म्हणाले, परिशिष्ट म्हणजे पुन्हा नदीपलीकडेच. शेवटी त्यांनी हात जोडले आणि सही केली. आता यादीत टंकलेले आहे : 'राहीबाई, मिरजगाव, जि. अहमदनगर.'

तोंडी परीक्षा बावीस एप्रिलला आहे. बाहेरचे परीक्षक येणार. अण्णा स्वतः येतो म्हणाले आहेत, त्याचीच जास्त धास्ती आहे. राहीमावशींना यादीचे सांगा, आणि तुम्हा उभयतांची माया माझ्यावर त्या दिवशी जरा जास्तच असू द्या.

आपली,
इंदू


मिरजगाव,
ता. ९ एप्रिल १९७२

चि. इंदूस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझे पत्र आले त्या दिवशी काकूने शिरा केला. मला वाटले, राहीबाईंनाही गोड बातमी द्यावी, म्हणून वाटी घेऊन वस्तीवर गेलो आणि यादीतली ओळ वाचून दाखवली. शिरा त्यांनी हातात धरला, खाल्ला नाही. विचारले की, बोरखेडचं नाव कुठं हाय? मी म्हणालो, नाव नाही, तुमचे राहते गाव लिहिले आहे. तेव्हा म्हणाल्या की, मंग ढोरांना पानी कुनी पाजलं? आमच्या आयबापाच्या गावानं पाळलं म्हनून आमी पाळलं. येकट्या गावाची रीत आसती व्हय? लिवायचं तर दोन्ही गावं लिवा, न्हाईतर माजं नाव खोडा.

मी समजावले की पुस्तक बांधून झाले, आता काही करता येत नाही. त्या म्हणाल्या, मंग खोडा. शिऱ्याची वाटी मी तशीच परत आणली.

इंदू, तू याचा त्रास करून घेऊ नकोस. परीक्षेवर लक्ष दे. मी फक्त कळवले, कारण आता राहीबाईंचे काहीही गाळायचे नाही असे ठरवले आहे. यश घेऊन ये, आम्ही वाटेकडे डोळे लावून आहोत.

तुझा,
नृसिंहकाका


पुणे,
ता. २३ एप्रिल १९७२

ती. स्व. काका व काकूंस,
इंदूचा साष्टांग नमस्कार वि. वि.

आधी मुख्य बातमी : पास झाले, आणि चांगली झाले. आता बाकीचे सावकाश सांगते.

तुमचे पत्र घेऊन मी विद्यापीठाच्या कचेरीत गेले. कारकून म्हणाले, दाखल झालेल्या प्रतीला हात लावता येत नाही. मी सरांकडे गेले. त्यांनी तुमचे पत्र वाचले, छत्री घेतली आणि माझ्याबरोबर कचेरीत आले. चारही प्रतींवर मी शाईने दोन शब्द लिहिले आणि बाजूला सरांनी सही केली. आता तिथे 'राहीबाई, बोरखेड व मिरजगाव' असे आहे.

काल परीक्षकांनी नेमके तेच पान उघडले. टंकलिखित पानावर हे शाईचे काय, म्हणून विचारले. मी सांगितले की, ज्यांचा आधार घेतला त्यांनीच ती दुरुस्ती करायला लावली, आणि का, तेही सांगितले. ते म्हणाले की, मी तीस वर्षे मोठमोठ्या ग्रंथकारांचे आधार देतो आहे, पण आपले नाव असे अर्धे छापू नका म्हणून कोणी मला कधी दटावले नाही. मग तासभर सीनेवरच बोलत राहिलो. शेवटी त्यांनी विचारले की, एका गावाने पाळली नसती तर ती रीत कायदा ठरली असती का? मी नाही म्हणाले, आणि मला जाणवले की हे उत्तर माझ्या दोनशे पानांत कुठेच इतके स्वच्छ आलेले नाही. ते राहीमावशींनी शिऱ्याची वाटी हातात धरून दिले होते.

बाहेर अण्णा बाकावर बसले होते, टोपी मांडीवर. पास झाल्याचे सांगितले तर मान हलवली. मग म्हणाले, काय लिहिलेस ते वाचून दाखव. काका, दोन वर्षांत त्यांनी मी काय शिकते ते एकदाही विचारले नव्हते. मी राहीमावशींचे पत्र वाचून दाखवले. दावे, भाकर, त्या दिवसाचे दूध. अण्णा मध्येच थांब म्हणाले आणि स्वतःच सांगू लागले. ते सात वर्षांचे असताना आपली कपिला गाय तीन दिवस हरवली होती, तुम्ही तेव्हा पाळण्यातून नुकतेच उतरला होता. चौथ्या सकाळी ती दाराशी नव्या दाव्याने बांधलेली दिसली. आजोबांनी देवापुढे नारळ फोडला. अण्णा म्हणाले की, पन्नास वर्षे मी तो देवाचाच चमत्कार समजत आलो. कोणी आणून बांधली, हे आम्ही घरात कोणी विचारलेच नाही.

 मग अण्णा उठले, टोपी घातली आणि म्हणाले, पुढे काय शिकायचे आहे ते मला चालता चालता सांग. मी सांगितले, सगळे. स्टँड येईपर्यंत ते ऐकत होते.

राहीमावशींना माझा नमस्कार सांगा, आणि वाटी पुन्हा भरून न्या. तुमच्या सर्वांच्या प्रेमावर माझा हक्क आहे, तो सांभाळून ठेवावा.

आपली,
इंदू